सतरा नंबरची फळी

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विद्यापीठाचे माननीय कुलगुरू, व्यासपीठावर विराजमान असलेले विज्ञानशाखेचे अधिष्ठाता, संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख आणि चार महिन्यांवर आलेल्या परिषदेचे निमंत्रक (हे दोन्ही एकच गृहस्थ आहेत, एके काळी माझे विद्यार्थी होते, आणि एम.एस्सी.ला मी त्यांना दोन गुण कमी दिले असं त्यांचं आजही म्हणणं आहे), माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी, आपले भांडारातले काका, आजी-माजी विद्यार्थी, पहिल्या रांगेत बसलेले आमचे हे, आणि शेवटच्या दोन रांगांत बसलेल्या, माझ्या निमंत्रणावरून आलेल्या अकरा पाहुण्या, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

माझ्याआधी सात वक्ते बोलले. सातही जणांनी मला ‘शिस्तप्रिय’ म्हटलं. सातपैकी सात. आमच्या विषयाच्या माणसानं अशा वेळी जरा थांबून विचार करायला हवा. एवढं एकमत माणसं एक तर धाकानं करतात, नाही तर जेवणाची वेळ झाली की करतात. तरीही आपण जे बोललात त्याबद्दल मी ऋणी आहे. खरं सांगायचं तर ऐकताना मला काहीच वाटलं नाही. यात आपला दोष नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात ना, त्यानंतर गालाला हात लावला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी गाल वाटतो. गेले तीन आठवडे माझं सगळं तसं चाललं आहे. का, ते सांगण्यासाठीच मी माइक हातात घेतला आहे.

मुलं मला पाठीमागे ‘झिरो-फाइव्ह मॅडम’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता झालं. हे नाव मला मिळालं ते माझ्या एका शोधनिबंधामुळे. सात वक्त्यांपैकी पाच जणांनी त्याचा उल्लेख केला, त्यामुळे तो कशाबद्दल आहे हे संख्याशास्त्र न शिकलेल्या मंडळींनाही कळायला हवं.

गोष्ट साधी आहे. शेकडो मुलांची उंची खरोखर फळीला लावून मोजली, तर मिलिमीटरच्या जागी कुठलाही अंक येतो. चौऱ्याण्णव पूर्णांक तीन, एक्क्याण्णव पूर्णांक आठ. शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक साधारण सारख्याच वेळा येतात. पण मोजणारा माणूस मुलाकडे नुसता बघून अंदाजपंचे लिहू लागला, की त्याचा हात शून्य आणि पाच यांच्याकडे वळतो. चौऱ्याण्णव. साडेचौऱ्याण्णव. म्हणून नोंदींचे फक्त शेवटचे अंक मोजायचे. शून्य-पाच फार झाले की समजायचं, फळीला हात लागलेला नाही. मोजणीच्या जागी न जाता, खोलीत बसून चोर पकडता येतो. ही माझी पद्धत. ती पाठ्यपुस्तकात आली, तिच्यावर मला बढती मिळाली, आणि येत्या परिषदेत तिच्या गौरवार्थ एक विशेष सत्र ठेवलेलं आहे. परिषदेसाठी शोधनिबंध मागवणारं जे पत्रक आपण सगळीकडे पाठवलं, त्याच्या दुसऱ्या पानावर चौकटीत ते छापलेलं आहे.

निबंधात उदाहरण लागतं. उदाहरण होतं मोजणीदार क्रमांक सतरा.

सव्वीस वर्षांपूर्वी आपल्या विभागानं बालवाडीतल्या मुलांच्या वाढीची मोठी पाहणी हाती घेतली होती. मोजमाप करायला चाळीस बायका नेमल्या. प्रत्येकीला एक नंबर, त्याच नंबराची एक लाकडी फळी, आणि मी लिहिलेली एक सूचनापुस्तिका. सतरा नंबरच्या बाईंनी सहाशे चाळीस मुलं मोजली. सहाशे चाळीसपैकी सहाशे चाळीस नोंदींचा शेवटचा अंक शून्य किंवा पाच. एकही अपवाद नाही. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. असं उदाहरण शोधून सापडत नाही.

आणखी एक सांगते, म्हणजे माझी हुशारी कळेल. खात्री करायला आमच्या पर्यवेक्षकानं त्यांच्यातली तीस मुलं दुसऱ्या फळीवर पुन्हा मोजली. सगळी मापं दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळली. यावर शहाण्या माणसानं काय म्हटलं असतं? की बाई खरं मोजतात. मी म्हटलं, बाईंची नजर फार तयार आहे, अंदाज अचूक लागतो. ते वाक्य निबंधात आहे. पान नऊ. इतक्या वर्षांत त्यावर एकाही परीक्षकानं बोट ठेवलं नाही, त्यामुळे मला एकटीला शहाणी म्हणू नका.

मग याच सभागृहात चाळीसही जणींना बोलावलं. मी याच बाजूला उभी होते. पडद्यावर आलेख दाखवला. दहा अंक, त्यातल्या दोनच अंकांवर उंच खांब, बाकी आठ जागा मोकळ्या. मी म्हटलं, ‘घरात बसून मोजमाप केलं की हे असं दिसतं.’ नाव घेतलं नाही. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. नाव घेतलं नव्हतं, ‘सतरा नंबर’ म्हटलं होतं. आणि प्रत्येकीच्या गळ्यात नंबराचं ओळखपत्र होतं.

त्या बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, मी शेऱ्यात...’ मी म्हटलं, ‘शंका शेवटी.’ शेवटी चहा आला आणि सभा उठली. आठवड्याभरात ‘प्रत्यक्ष मोजमाप न करता नोंदी केल्याबद्दल’ असं पत्र त्यांना गेलं. मसुदा माझा होता. शुद्धलेखन मी दोनदा तपासलं होतं.

आता तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. परिषदेला येणाऱ्यांची पोस्टर्स लावायला जागा हवी म्हणून तळमजल्यावरचं भांडार रिकामं करायला घेतलं. भांडारातले काका वर आले. ‘मॅडम, उंचीच्या चाळीस फळ्या आहेत. मोडीत काढू ना?’

‘काढा की.’

‘एखादी तरी ठेवा आठवण म्हणून. तुमचं एवढं नाव झालं ते यांच्यावरच. त्यातल्या त्यात चांगली बघून आणतो.’

काका घेऊन आले. बाकीच्या फळ्या नंतर मी खाली जाऊन पाहिल्या. मुलांच्या डोक्याच्या तेलानं काळ्याकुट्ट, बोट लावलं तर चिकटेल अशा. त्यांच्यावरची मिलिमीटरची एकेक रेषा शाबूत आहे. काकांनी निवडून आणली ती स्वच्छ, पांढरी, हात फिरवावा इतकी गुळगुळीत. तिच्यावर सेंटिमीटरच्या आणि अर्ध्या सेंटिमीटरच्या लांब रेषा तेवढ्या आहेत, कारण त्या कोरलेल्या होत्या. मधल्या बारीक रेषा छापलेल्या होत्या. त्या धुऊन गेलेल्या आहेत. मागे तांबड्या रंगात नंबर आहे. सतरा.

सूचनापुस्तिकेतली नववी सूचना अशी होती: ‘प्रत्येक मुलानंतर फळी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसावी.’ सूचना माझीच. मुलांना खरूज लागू नये म्हणून. चाळीस जणींपैकी एकीनं ती पाळली, तीही पाहणीआधीच्या महिनाभराच्या सरावापासून, त्यामुळे पहिली खरी नोंद होईपर्यंतच रेषा गेलेल्या होत्या.

काकांना वाटलं मला फळी आवडली. म्हणाले, ‘बघा, म्हटलं नव्हतं? एकदम नव्यासारखी.’ मी हो म्हटलं. मग खाली जाऊन जुनी नोंदपत्रकं काढली. कपाटाचा चौथा कप्पा, सुतळीनं बांधलेले गठ्ठे, माझ्या खोलीपासून जिने उतरून चाळीस पावलं. आमच्याकडे आकडे संगणकात भरायची पद्धत फार काटेकोर. दोन वेगवेगळ्या माणसांनी भरायचे, दोन्ही याद्या जुळवायच्या, एका अंकाचा फरक निघाला तरी मूळ कागद काढून बघायचा. सतरा नंबरच्या नोंदींत एकही फरक निघाला नाही. म्हणून मूळ कागद कुणी काढलाच नाही. आणि शेऱ्याचा रकाना दोघांनीही भरला नाही, कारण शेऱ्याला आकडा नसतो.

पहिल्या पत्रकावर शेऱ्यात लिहिलं आहे: ‘फळीवरच्या बारीक रेषा दिसत नाहीत. जवळच्या अर्ध्यावर माप घेतले. दुसरी फळी मिळावी.’ अक्षर शाळेच्या फळ्यावर असतं तसं, सुटं आणि गोल. दुसऱ्या पत्रकावरही तेच. वीस पत्रकांवर तेच वाक्य पूर्ण लिहिलेलं आहे. पुढच्या सहाशे वीस पत्रकांवर ‘वरीलप्रमाणे’. मी सगळी मोजली. मोजायची सवय जात नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमच्या गोष्टीत चोरही नव्हता, म्हणजे आम्ही सरळ संन्याशालाच धरलं.

तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, पोटात खड्डा पडतो म्हणतात. काही झालं नाही. मी डबा खाल्ला. दुपारी दोन तास घेतले, चांगले झाले. घरी जाऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, ‘निवृत्तीला तीन आठवडे राहिलेत. आता कशाला उकरून काढतेस? त्या बाई असतील तरी का?’ त्यांचंही चूक नाही, त्यांना माझ्या प्रकृतीची काळजी. लगेच यंत्र आणून त्यांनी माझा रक्तदाब घेतला. एकशे बावीस, ऐंशी. वीस वर्षांत इतका चांगला नव्हता.

बाई आहेत. जुन्या पत्त्यावर त्यांचे दीर भेटले, त्यांनी नवा पत्ता दिला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दुसरा मजला. मी गेले तेव्हा त्या शाळेच्या गणवेशाचे सदरे बेतत होत्या. गळ्यात टेप, पुढ्यात खडू. मला एकाएकी दारात बघून त्या उठल्याही नाहीत आणि दचकल्याही नाहीत.

‘मला ओळखलंत?’

‘न ओळखायला काय झालं? बसा.’

मी फळीचं सांगितलं, धुऊन गेलेल्या रेषांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच सून चहा ठेवून गेली. मग त्या म्हणाल्या, ‘मी शेऱ्यात लिहिलं होतं.’

‘हो. वाचलं.’

‘कधी?’

‘मागच्या मंगळवारी.’

‘बरं,’ म्हणाल्या, आणि सदऱ्याची बाही सरळ केली.

मी विचारलं, नंतर काय केलंत. आरोग्य खात्यात त्यांचं काम पक्कं व्हायच्या बेतात होतं. माझं पत्र तिकडेही गेलं, त्यामुळे तिथं कुणी उभं केलं नाही. पण त्याबद्दल त्या फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘शिवण येत होतं, पोट भरलं. त्याचं काही नाही. आमचे हे वारले सात वर्षांपूर्वी. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, की मी घरी बसून आकडे लिहिले. वाईट बोलायचे नाहीत हो. उलट समजूत घालायचे. होतं माणसाच्या हातून, म्हणायचे. मी किती सांगितलं. पण एवढ्या शिकलेल्या बाईंनी पडद्यावर चित्र काढून दाखवलं म्हटल्यावर माझं कोण ऐकतंय?’

मंडळी, मी पस्तीस वर्षं वर्गात सांगत आले, की चूक दोन प्रकारची असते. निर्दोष माणसाला दोषी ठरवण्याची एक, दोषी माणसाला सोडून देण्याची दुसरी. पहिली शंभरात पाच वेळा झाली तर चालते, असा आमच्यात रिवाज आहे. मी तो दर वर्षी शिकवला. शंभरात पाच. त्या पाचांतल्या एखादीच्या घरी जाऊन चहा प्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती. चहा गार झाला होता. मी तो पिऊन टाकला.

मी त्यांना विचारलं, ‘मी आता काय करू?’ त्या म्हणाल्या, ‘बोललात सगळ्यांसमोर. आता घरी येऊन कानात काय सांगता? त्या चाळीस जणींतली कुणी बाजारात दिसली तर मी अजून खाली बघते. त्यांना सांगा.’

त्या एकोणचाळीस जणींपैकी चोवीस जणींचे पत्ते मला मिळाले. अकरा जणी आज आल्या आहेत. मघापासून बरेच जण मागे वळून बघत होते, म्हणून सांगते, शेवटच्या दोन रांगांत बसल्या आहेत त्या त्याच. बायांनो, सतरा नंबरनं खोटं लिहिलं नव्हतं. मी तेव्हा जे दाखवलं ते चूक होतं. हे मी त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवरून सांगते आहे. तुम्ही फळ्या पुसल्या नाहीत याबद्दल माझा काही राग नाही, त्यामुळे खाली बघू नका. सूचनाच अर्धवट डोक्याची होती.

आता परिषदेबद्दल. निबंध पाठवायची मुदत आज संध्याकाळी सहाची आहे. मी माझा निबंध दुपारी तीन वाजता पाठवला, पोच आली आहे. त्या अर्जात निबंधाचा विभाग निवडायचा असतो. सिद्धांत, उपयोजन, संगणन. ‘चूक’ असा विभाग नाही. मी ‘इतर’वर खूण केली. गोषवारा अडीचशे शब्दांपर्यंत चालतो, माझा पुष्कळ कमी भरला. वाचून दाखवते.

‘सव्वीस वर्षांपूर्वीच्या पाहणीवर आधारलेल्या एका निबंधात, मोजणीदार क्रमांक सतरा यांच्या नोंदी प्रत्यक्ष मोजमापाविना केलेल्या आहेत, असा निष्कर्ष काढला होता. नोंदी खऱ्या होत्या. नियमाप्रमाणे पुसल्यामुळे त्यांच्या फळीवरच्या बारीक रेषा गेल्या होत्या. मोजणीदारानं हे प्रत्येक पत्रकावर लिहिलं होतं. लेखिकेनं ते वाचलं नव्हतं. फसवणूक आणि झिजलेलं साधन यांतला फरक ही पद्धत ओळखू शकत नाही.’

पहिल्या लेखिका म्हणून त्यांचं नाव घालावं, असं माझ्या मनात होतं. तसं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘नको. तुमच्या कागदावर मी एकदा आले तेवढं पुरे.’

विभागप्रमुख कालपासून माझ्यामागे आहेत. त्यांची अडचण खरी आहे, तेव्हा मी त्यांची चेष्टा करणार नाही. विशेष सत्राचे पाहुणे ठरलेले आहेत, पत्रकं गेलेली आहेत. आज निबंध गेल्यावर ते मला म्हणाले, ‘मॅडम, पद्धत काही खोटी ठरत नाही, एक उदाहरण चुकलं एवढंच. निबंध मागे घ्यायला सहापर्यंत मुभा आहे. समारंभ होऊ द्या, मग आपण शांतपणे बसून बोलू.’ मी त्यांना शिकवलं आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला लगेच कळलं. समारंभ होईपर्यंत सहा वाजलेले असतील आणि मग निबंध मागे घेता येणार नाही, म्हणून मीही लगेच ‘बरं’ म्हटलं. आता सहाला चार मिनिटं कमी आहेत. निबंध मी मागे घेणार नाही.

अध्यक्षमहाराज, निरोपाच्या भाषणात काही मागू नये हे मला समजतं. तरी एक मागते. त्या विशेष सत्राचं नाव काढून टाका आणि त्या वेळेत हा निबंध ठेवा. परीक्षकांनी तो नाकारला तर गोष्ट वेगळी. तो त्यांचा अधिकार आहे, आणि त्यांनी या वेळी तरी पान नऊ नीट वाचावं. आणि विद्यापीठाच्या शिक्क्याचं ते जुनं पत्र रद्द झाल्याचं दुसरं पत्र त्याच शिक्क्यानं निघावं. मसुदा करून आणला आहे. आपल्या समोरच्या फाइलमध्ये, गुच्छाच्या खाली आहे. ते पत्र आता कुणाला दाखवायचं, असं आपण विचाराल. ज्यांना दाखवायचं होतं ते गृहस्थ वारले. तरीही निघावं.

आपण एवढ्या संख्येनं आलात, माझ्याबद्दल चांगलं बोललात, त्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. विभागानं मला खोली दिली, पंखा दिला, पस्तीस वर्षं चांगली मुलं दिली. भांडारातल्या काकांची तर मी विशेष आभारी आहे. त्यांनी निवडून आणली म्हणून, नाही तर फळी भंगारात गेली असती आणि मी आज सुखानं घरी गेले असते.

बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, वेळ तर मी घेतलाच आहे, ते सगळं आपण पोटात घाला. सतरा नंबरचं तेवढं घालू नका. खाली उतरल्यावर आपण माझा हात हातात घ्याल आणि म्हणाल, ‘जाऊ द्या मॅडम, चुकतं माणूस.’ आपली माया मी जाणून आहे. पण ते म्हणू नका. ते म्हणायचा हक्क एकाच बाईंना आहे. निघताना मी त्यांच्याकडे माफी मागितली होती. त्यांनी थोडा विचार केला आणि ‘नाही’ म्हणाल्या. मी आपली रजा घेते.